मुरणं

पहिल्या फेरीत गाडी सुटली ती सुटलीच.
चौदा सेकंद आणि वर थोडं.
दुसऱ्या फेरीला तीच गाडी, तीच मी,
लिंकनशरमधली तीच जुनी धावपट्टी, भेगांतून गवत आलेली,
आणि पाय दाबला तर
उशी दाबल्यासारखं वाटलं.

"रांगेत वीस मिनिटं उभी होतीस," डेरेक म्हणाला,
"इंजिन चालू ठेवून."

बॉनेट उघडलं.
इंटरकूलर इंजिनाच्या बोकांडी बसलेला,
चुलीवरच्या तव्यासारखा.
आणि त्याचं काम काय, तर हवा थंड करणं!
टर्बोने दाबून, पिळून, तापवून पाठवलेली हवा
ह्याच्या पन्हळींतून जाते, बाहेरून वारा लागतो,
ती निवते, दाट होते, मग सिलिंडरात उतरते.
वारा लागतो तोवर.
उभ्या गाडीला कसला वारा?
खालून इंजिनाची धग, वरून जुलैचं ऊन,
इथे तीस अंश म्हणजे वर्तमानपत्राचं पहिलं पान.

डेरेकने हात धरला, वीतभर वर.
टेकवला नाही.
तीस वर्षं स्कन्थॉर्पला भट्टीवर काढलेला माणूस,
त्याला धग लांबूनच वाचता येते.
"एकसष्ट."
मी आकडा पाहिला. त्रेसष्ट.

आपल्याकडे कुठेतरी पाणी मुरतं.
इथे ऊन मुरत होतं,
ॲल्युमिनियमच्या पात्यापात्यांत,
कैरीच्या फोडीत मीठ मुरावं तसं, काही घाई न करता.
आणि मुरलेलं काही
एका फुंकरीने निघत नाही.

मग सगळे शनिवार त्यातच गेले.
टर्बोला जाड गोधडी गुंडाळली.
मधे सोनेरी पत्र्याचा आडोसा.
बॉनेटच्या नाकपुडीला कडेने फोम,
आत आलेला वारा भलतीकडे पळू नये म्हणून.
काच धुवायच्या पंपाची नळी वळवून
पात्यांवर तुषार.
ह्याने दोन अंश, त्याने चार.
रांगेत मात्र पुन्हा तेच.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

शेवटी मी म्हटलं, डेरेक,
आमच्या चंद्रपुरात एप्रिल लागला की
कूलर खिडकीबाहेर टांगतात.
स्वयंपाकघरात नाही.

तो बराच वेळ बंपरकडे बघत राहिला.
मग आरी आणायला गेला.

आता इंटरकूलर पुढच्या जाळीमागे,
गाडीत सगळ्यात आधी वारा त्याला.
नळ्या लांबल्या, त्यामुळे पाय दाबल्यावर
दम भरायला किंचित उशीर होतो.
ती किंमत. खळखळ न करता दिली.

नोव्हेंबरात एकदा, पाना पुसता पुसता त्याने सांगितलं:
पाळी संपवून घरी आला की आयलीन
त्याला लगेच आत घ्यायची नाही.
अर्धा तास मागच्या पायरीवर.
बूट काढून. न बोलता.
"नाहीतर भाजलं असतं कुणाला," म्हणाला,
आणि पाना चुकीच्या खणात ठेवला.

आयलीनला जाऊन चार वर्षं झाली.
भट्टी सुटून त्याहून जास्त.
माझ्या सिंकवरच्या खिडकीतून अजून दिसतो,
सहाच्या सुमारास, पायरीवर,
शेजारी बुटांचा जोड.
आत कुणी नाही भाजायला.

मे महिन्यात पुन्हा धावपट्टी.
पहिली फेरी, दुसरी, तिसरी;
फरक दशांशाचा.
चौथ्या वेळी रांग वाढली, ऊनही.
मी इंजिन बंद केलं, बॉनेट उघडं टाकलं,
आणि आम्ही दोघांनी गाडी ढकलली,
पुढची सरकली की हातभर,
एकाहत्तर वर्षांचा तो, एक्कावन्नची मी,
मागचे पोरगे हसत होते.

रेघेपाशी पोचलो. मी किल्लीला हात घातला.

"थांब," डेरेक म्हणाला. धापा टाकत होता.
"अजून थोडं."